आगाऊ

टोकियोच्या पूर्वेला, कालव्यावर,
फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात
चौदा नंबरच्या पुलाखाली नाव बांधून
निशिवाकी हातोडीने पोलाद ठोकून बघतात.
टण्. ठीक.
टण्. ठीक.
थप्.
इथे खूण कर, म्हणतात.
मी खडू ओढते. टॉर्च माझ्या दातांत.

एकतीस वर्षं हा माणूस पूल ऐकतोय.
डाव्या कानाने आता कमी येतं त्यांना.
ऑफिसात कुणाला माहीत नाही.
मला आहे, कारण नावेत माझी जागा डावीकडे
आणि माझं बोलणं निम्मंच पोचतं.

वर, काठावर, चेरी फुललीय.
शहरातली बाकीची झाडं अजून मुठी आवळून.
त्यांना महिना अवकाश आहे,
त्यांच्यासाठी हवामानखात्याचे नकाशे,
निळ्या चटया, जागा धरून बसलेले नवे कारकून.
ही मात्र आगाऊ.
कुणी बोलावलं नाही, अंगावर पान नाही,
सकाळी नळ गोठलेला,
आणि ही गडद गुलाबी,
अंत्यविधीला लिपस्टिक लावून आलेल्या
मावशीसारखी.

पुलावरून परीक्षेला निघालेला मुलगा
ओठ हलवत जातो, वर बघत नाही.
सायकलवरची बाई थांबते,
हातमोजा दातांनी ओढते, फोन काढते,
तोवर मागून बसचा हॉर्न.
दोन चष्मेवाले उलटे लटकून मध पितात,
त्यांना घाई नाही.

दुपारी, काठाच्या दगडी बांधात
भेग सापडली. करंगळी जाईल एवढी.
आत मूळ.

फॉर्मवर ‘कारण’ असा एक रकाना असतो.
तिथे ‘झाड’ लिहिलं
की एप्रिलमध्ये करवत येते.

निशिवाकींनी हातोडी उलटी धरली,
दांड्याने खोडावर ठोकलं,
मग कान लावला. उजवा.
मला हसू आलं.
काही ऐकू आलं का?
आलं, म्हणाले. ट्रक गेला.

मार्चअखेरीस ते निवृत्त होतील.
निरोपाच्या दिवशी बाकीची झाडं
ठरल्याप्रमाणे फुलतील, भाषणं होतील.
हिच्यावर तेव्हा नुसता पाला.

तू लिही, म्हणाले,
आणि फॉर्म माझ्या मांडीवर ठेवून
थर्मासचं झाकण फिरवत बसले.
ते फिरत नव्हतं. मी हात पुढे केला नाही.

रुंदी: अकरा मिलिमीटर.
खोली: मोजता आली नाही.
पुढच्या रकान्यावर पेन्सिल टेकवली
तेव्हा वर सिग्नल सुटला,
सगळ्या गाड्या एकदम निघाल्या,
आणि आमच्या डोक्यावर पूल
किंचित खाली वाकला,
किंचित वर आला.