उरलेल्या तीन रात्री

सातपूरचा भोंगा झाला की मी प्रोग्राम लावते.
शीतगृह पिंपळगावचं, माल द्राक्षांचा,
प्रश्न एवढाच की कॉम्प्रेसर दोन की तीन,
व्हॉल्व्ह देशी की जर्मन,
आणि वीज गेल्यावर जनरेटर, की नुसतीच आशा.

पहिली पिढी नेहमीच वेडीबागडी.
साठ आराखडे, कवड्यांसारखे फेकलेले.
एकात पाच पंप आणि पंखाच नाही,
एकात सगळं दुप्पट, किंमत ऐकून
मोगलशेठ खुर्चीसकट मागे पडतील असं.
मग लग्नं लागतात, पत्रिका न बघता,
याचा कंडेन्सर, तिची वायरिंग,
आणि मध्येच एखादा आकडा उगाच पालटतो,
जसा आमच्या अख्ख्या घरात
माझा एकटीचाच डावा हात चालतो.

चहावर साय धरेपर्यंत चाळीस पिढ्या सरल्या.
कुणी रडलं नाही.
गळालेल्यांतला एक मात्र लक्षात राहिला,
एकाच पंपावर उभा, स्वस्त, हसरा,
माझ्या स्कूटरसारखा,
स्टेपनी नाही तरी पाथर्डी फाट्याला रोज पोचणारा.

साडेआठला पडद्यावर उरली एक कड.
तिच्यावरच्या कुणालाच नावं ठेवता येत नाहीत.
इकडे सरका, पैसा वाचतो, भरवसा झिजतो.
तिकडे सरका, खिसा उसवतो.
उत्तर असं नाहीच,
उत्तरांची रांग आहे, आणि निवडायला माणूस लागतं.

मोगलशेठचं बोट थेट डाव्या टोकाला.
"सत्त्याण्णव टक्के! एवढ्यावर माझी पोरगी
गल्लीभर पेढे वाटते."

भास्कर थेटे, फिटर, तेवीस हंगाम त्याच थंडीत,
चष्मा कपाळावर, नखांत ग्रीस,
पडद्याला हात न लावता म्हणाले,
"उरलेल्या तीन रात्री कोणत्या, मॅडम?
मार्चातल्या असल्या तर आधी सांगा.
खोली तापली की घड नंतर बिघडतो,
आधी देठ तपकिरी पडतो.
तुमच्या यंत्राला देठ ठाऊक आहे?"

ठाऊक नव्हता.
मी साऱ्या रात्री एका मापाने मोजल्या होत्या,
जुलैतली रिकामी खोली
आणि कंटेनर दारात उभा असलेली रात्र.

देठासाठी एक ओळ वाढवली.
थेटेंच्या सांगण्यावरून यादीत
मागच्या शेडमधला जुना जनरेटरही घातला,
ज्यावर कबुतरं बसतात.
पुन्हा पहिली पिढी. पुन्हा वेडीबागडी.

कड जरा हलली.
तिसरा कॉम्प्रेसर आलाच नाही,
आला एक साधा बायपास, आणि कबुतरांचा जनरेटर.
मोगलशेठ अजून कागदावर भागाकार करतायत.

खाली पार्किंगमध्ये मी वाकून
मागचं चाक अंगठ्याने दाबून पाहिलं.
"हवा कमी आहे," थेटे म्हणाले,
आणि पंप आणायला गेले.