डबी क्रमांक चारशे बारा

सांतियागोहून आलेले साहेब म्हणाले,
"ज्याचा एक केसही कुणी पाहिला नाही
त्याचं शास्त्र कसलं, बाई?
बाजारात तुरी."
यास्नानं नुसती डबी उघडून दाखवली:
आताकामाची माती, मंगळाची चुलत बहीण,
खोली अठ्ठावीस सेंटिमीटर, तारीख,
आणि तिच्या तिरक्या अक्षरात
काही नाही.

मी ड्रायव्हर. अकरा वर्षं तिला पठारावर नेतो.
माझी आई म्हणायची, डोंगर ऐकतात.
एकदा यास्नाला हे सांगितलं,
ती हसली नाही. तिनं विचारलं,
"ऐकत नसते, तर तुम्हाला कसं कळलं असतं?"
तेव्हापासून आईशी माझं
थोडं बिनसलंय,
ती जाऊन सात वर्षं झाली तरी.

साहेब गेले. पैशांचं बघू म्हणाले.
परतताना मिठागराजवळ टायर बसला.
जॅक फिरवता फिरवता मान वर गेली:
इतके तारे,
की बोट ठेवायला जागा नाही.
"असेल का हो तिथं कुणी?"
ती टॉर्च धरून उभी.
"माहीत नाही. नट नीट आवळ."
मग बऱ्याच वेळानं, गाडी सुरू झाल्यावर,
"अजून चारशे बाराच तर झाल्यात."