उजवा चॅनेल

डुलुथमध्ये जानेवारीत आधी सरोवर गोठतं,
मग गिऱ्हाइकं.
त्या आठवड्यात एकटे टाउनो लेहतिनेन आले,
नातवाच्या जुन्या घसरगाडीवर दोरीनं बांधलेला रिसीव्हर घेऊन.
अठरा किलो, चंदेरी तोंड, अक्रोडी पेटी.
सत्त्याहत्तर साली बायकोनं घेतलेला,
कागदगिरणीच्या कॅन्टीनमधल्या पगारातून.

म्हणाले, ह्याचा उजवा कान मेलाय.

घर विकलंय त्यांनी. आता म्हाताऱ्यांच्या इमारतीत,
तिसरा मजला, पुठ्ठ्याच्या भिंती,
रात्री नऊनंतर स्पीकर बंद.
स्पीकर मग घराबरोबरच गेले,
आणि नातवानं दिले हे हेडफोन,
नवेकोरे, तीनशे ओहमचे, बशीएवढाल्या वाट्यांचे.
फोनला लावले तर
पलीकडच्या खोलीत कुणी कुजबुजतंय असं वाटे.
फोनचा जीव तो केवढा!

म्हटलं, जोडी बरोबर जमवलीत.
ह्या पेट्या बांधणारे हेडफोनचे वेगळे लाड करत नसत;
स्पीकरची ताकद तीच,
दोन रेझिस्टरमधून गाळून पुढच्या भोकात सोडायची,
धरणाचं पाणी पाटात सोडावं तशी.
नाजूक इअरफोन लावा, नुसती सूं ऐकू येईल.
ह्यांना मात्र एवढं पाणी लागतंच.

बटण दाबलं. डायल उजळली.
चार सेकंद काहीच नाही.
मग आतून रिलेचा टक्,
दार उघडण्याआधी कुणी कडी काढावी तसा,
आणि आवाज आला,
सगळा डावीकडे.
उजवीकडे त्याची सावली.

दोन दिवस उघडा पडला होता टेबलावर.
फुगलेले दोन कपॅसिटर बदलले,
तडकलेले सांधे पुन्हा डाखले,
स्विचचे दात धुतले.
उजवा चॅनेल मोजला: ठणठणीत.
डाव्यापेक्षाही कणभर बरा.

तिसऱ्या दिवशी, व्हॉल्यूम पुसताना,
बटणामागची पातळ कडी बोटाला लागली.
बॅलन्स.
डावीकडे, घड्याळात दहा वाजावेत तिथे,
मळानं घट्ट बसलेली.
कडीवर एक लाल ठिपका, पॅनेलवर दुसरा,
समोरासमोर.
नेलपॉलिश.

फोन केला. बसनं आले.
हे तुम्ही लावलंत?
नाही. ईर्या तर नखं रंगवत नसे,
आनेलीच्या लग्नात रंगवली ती एकदाच.
बाटली कितीतरी वर्षं फ्रिजच्या दारात होती,
मोहरीच्या बरणीशेजारी.

मग खुर्चीचं सांगू लागले, माझ्याकडे न बघता.
तिची खुर्ची हळूहळू सरकत होती डाव्या स्पीकरकडे.
तिकडे हीटर आहे, ऊब लागते, म्हणायची.
घर रिकामं केलं तेव्हा गालिच्यावर
खुर्चीच्या पायांचे खळगे दिसले, तीन ठिकाणी.
त्यांना वाटलं, खरंच, थंडी वाजत असेल.

खोलीत आवाज भिंतींना आपटून सारखा होतो,
कलला तरी कळत नाही.
हेडफोन चहाडखोर.

किती वर्षं असेल?
मळावरून काय सांगणार मी. सात. आठ.

बराच वेळ ते घसरगाडीची दोरी गुंडाळत राहिले.
मग म्हणाले,
जेवताना मी तिच्या डाव्या हाताला बसायचो.
तू माझं ऐकतच नाहीस, म्हणायचो.

मी कडी मध्यावर आणून दिली.
मिनिटभर दोन्ही कानांनी ऐकलं त्यांनी,
चांगलं झालंय म्हणाले, पैसे काढले,
आणि जाड बोटांनी, चष्मा कपाळावर सारून,
ठिपक्यासमोर ठिपका आणला.

बाहेर उणे तेवीस. बस पाऊण तासानं.
मी गाडी काढते, सोडते तुम्हाला, म्हटलं.
हेडफोन कानावरच होते, ऐकू गेलं नाही.
टेबलाला वळसा घालून
त्यांच्या उजव्या बाजूला गेले मी,
जिथे शांतता होती,
आणि पुन्हा म्हटलं.