आतली बाजू

सकाळी सहाला, व्हॅनमध्ये, मी पाणी जोखतो.
मीटर बुडवून आकडा शून्यावर येईपर्यंत थांबतो.
शून्य म्हणजे पाण्यात पाण्याशिवाय काही नाही.
असं पाणी काचेवर आपलं आपण वाळतं, डाग ठेवत नाही.
माणसांचं पाणी असं जोखता आलं असतं
तर उधारीची चार घरं मी केव्हाच सोडली असती.

ट्रेऑर्कीतले रस्ते घरांना न विचारता उतरतात.
पुढून दुमजली दिसणारं घर मागून तीन मजले होतं,
आणि शिडीचा एक पाय नेहमीच आखूड पडतो.
त्याच्याखाली कधी लाकूड सारायचं, कधी फरशीचा तुकडा,
एकदा तर डेल्विननं हिशोबाची वहीच सारली,
पावसानं भिजून फुगलेली.
त्याच दिवशी तो पडला,
काचघराचं छप्पर फोडून, टोमॅटोच्या रोपांत.

वाचला. आता पेपर आणायला जातानाही काठी लागते त्याला.
मला म्हणतो, "तुझ्याही हातात काठी, माझ्याही.
तुझी लांब आहे, आणि कमावते."

खरं आहे. कार्बनची काठी, तीस फूट,
टोकाला ब्रश, ब्रशात पाणी.
आधी वर विजेच्या तारा बघायच्या,
पाइपाजवळ पिवळी पाटी ठेवायची,
मग चौकट, मग काच,
शेवटी ब्रश उचलून नुसतं पाणी.
शिडीनं दिवसाला नऊ घरं व्हायची, काठीनं सतरा होतात.
पहिल्या खेपेला दुप्पट,
नंतर दर चार आठवड्यांनी बारा पौंड,
काचघरावरच्या खिडकीचे तीन जास्त.
मिसेस प्रॉबर्ट तिथंच अडतात, घासाघीस करतात.
मी म्हणतो, बाई, घासायचं काम माझं.

पाय जमिनीवर आहेत माझे, अकरा वर्षं.
फक्त मान मोडून काम करणं म्हणजे काय
ते रात्री उशीवर कळतं.

एक्केचाळीस नंबर. मागची, सगळ्यात वरची.
तिथं इथेल प्रीसचा पलंग खिडकीला लावलेला.
छातीत खाण घेऊन परतलेला माणूस,
जिना उतरत नाही.
शिडीच्या दिवसांत तो काचेवर टकटक करायचा
आणि शनिवारच्या सामन्याचा निकाल बोटांवर दाखवायचा,
आपले किती, त्यांचे किती.
मी फडकं फिरवता फिरवता तोंड वाकडं करायचो.
आमचं एवढंच बोलणं.

खालून काचेत फक्त ढग दिसतात.

परवा त्याची मुलगी मेरेरिड पैसे घेऊन दारात आली
आणि पैसे हातातच धरून म्हणाली,
"बाबा विचारतात, खिडकी पुसणारा गेला का?
म्हणतात, एक झाडू येतो, आपला आपण घासतो, निघून जातो."

मी काठी भिंतीला टेकवली,
बूट दारात काढले,
बादली आणि फडकं घेऊन जिना चढलो.
तीन मजले. आतून.
शिडीपेक्षा जास्त दम लागला.

बाहेरून काच लखलखीत होती, माझंच काम.
आत, पलंगाच्या उंचीवर,
बोटांच्या पेरांचे ठसे. एकावर एक, किती महिन्यांचे.
ब्रश येताना दर वेळी तो टकटक करत होता.

इथेलनं मला ओळखायला वेळ घेतला. मग म्हणाला,
"म्हातारा झालास."
मी फडकं पिळलं.
ठसे पुसावेत की नाही, हात थोडा अडला.
पण पुसणं हाच धंदा आहे. पुसले.
वाळायच्या आत त्यानं नवा उमटवला,
तीन बोटं, मग मूठ.
आपण हरलो होतो.

व्हॅनमध्ये बसून वहीत लिहिलं:
एक्केचाळीस, मागची, आतली बाजू, दर चार आठवडे.
वेळ पंचवीस मिनिटं. एक पौंड.
हिशोबानं तोटाच आहे.
पण फुकट म्हटलं असतं
तर प्रीस मंडळींनी मला पुन्हा जिना चढू दिला नसता.