वाहन क्रमांक

सायन सर्कल. सकाळचे सात दहा.
दिवा लाल. पेरुमल तरी आलाच,
उलट्या बाजूने, कॅरिअरवर इडल्यांचं पातेलं,
पों पों करत.

मी शिट्टी मारली.
झेब्रावर चढलेल्या पांढऱ्या गाडीतून एक जण म्हणाला,
बघा, यांना कोणी काही बोलत नाही.
म्हटलं, साहेब, तुमचीही चाकं पट्ट्यांवर आहेत.
काच वर गेली.
त्याचं चलान निघालं एका फोटोत.

सायकलचं निघेना.
यंत्र विचारतं, वाहन क्रमांक?
रिकामी चौकट, लुकलुकणारी रेघ,
पुढे सरकूच देत नाही.

मग जुनी रीत. वाकले, व्हॉल्व्ह फिरवला.
हवा गेली
कुणी तरी बऱ्याच दिवसांनी बसावं तशी.

पेरुमल भांडला नाही. म्हणाला,
मॅडम, गणपतीच्या आधी गाडीने उडवला ना मला,
इथेच, पुलाखाली.
चौकीवर पण हेच. नंबर काय, नंबर काय.
नंबर नाय बघितला मी.
मी चटणी बघत होतो, रस्त्यावरची.

सायकल हाताने ढकलत गेला माटुंग्याकडे.
इडल्या गार झाल्या असणार.

आज तो रेघेच्या मागे उभा आहे,
एक पाय डांबरावर.
पाठीमागचा टेम्पो हॉर्नवरचा हात काढत नाही :
चल ना, ए, चल!
पेरुमल माझ्याकडे बघतो.

मी टेम्पोच्या पुढे जाते.
पाटीवर चिखल.
खिशातून रुमाल काढते.