तरोट्याला पान फुटेस्तोवर

पहिली कापणी झाली त्या संध्याकाळी
पंप धुऊन मी ओट्यावर ठेवला होता.
मुरघासाच्या खड्ड्यावर ताडपत्री, ताडपत्रीवर जुने टायर,
हाताला अजून गुळाच्या पाण्याचा आंबूस वास,
आणि वाटलं, आताच उरकावं,
रान उघडं आहे तोवर.

झिबलजी राऊतांनी पंपाकडं पाहिलं, मग माझ्याकडं.
"कायले मारता आता? पानच नाही त्याले,
पेईन कशानं? खुंटाले तोंड नसते बाई."
तंबाखू मळत राहिले.
"येऊ द्या वर. चार पानं. कळी नोको धरू देऊ."

म्हणून थांबले.
ज्याला मारायचं त्याला वाढू दिलं अठरा दिवस.
सकाळी सात गाईंचं दूध हिंगण्याला धाडलं की
बांधावरून वाकून पाहायचं:
पवन्याला नवे कोंब, त्यात केना, त्यात माठ,
गाजरगवताच्या चकत्या भुईला चिकटून,
नक्षीदार, निर्लज्ज,
आणि तरोटा,
जो दिवस मावळला की पानं मिटून झोपतो.
संध्याकाळी मारलं तर औषध मिटल्या पानांवरून
घरंगळून जातं, हेही झिबलजींचंच.

तरोट्यासाठी इमला नेहारे येते.
कोवळे शेंडे खुडते, ओटीत भरते.
लसूण, लाल मिरची, मूठभर चण्याची डाळ.
कळी आली की जून लागते भाजी, म्हणते,
चार पानांवरच गोड.
म्हणजे तिची नखं आणि माझं नोझल
एकाच पानाची वाट पाहत होतो.
मी तिला हे सांगितलं नाही लगेच.

पोळा झाला. दुसऱ्या दिवशी शहरात मारबत निघाली.
धाकट्या भावानं गर्दीतून फोन लावला, ओरडा ऐकवला,
हे घेऊन जा, ते घेऊन जा गे मारबत.
म्हटलं, गाजरगवताचंही नाव घे रे एकदा.
त्यानं घेतलं. पलीकडं कुणीतरी खदखदून हसलं.

तरी वारा होता.
विमानं आमच्या डोक्यावरून उतरतात त्या दिवशी
वारा पूर्वेचा, आणि पश्चिमेला बोंद्र्यांची पऱ्हाटी.
एका वर्षी मला दोन दिवस धीर धरवला नाही.
पऱ्हाटीची पानं कावळ्याच्या पायासारखी आखडली.
बोंद्रे काही बोलले नाहीत.
बोंद्रेवहिनी दूध दुसरीकडून नेऊ लागल्या, एवढंच.

चौथ्या दिवशी आभाळात विमान दिसलं नाही,
लांब दक्षिणेला नुसती घरघर.
राखेची चिमूट सोडली, ती सरळ पायावर पडली.
दव उतरेस्तोवर चहा पिऊन घेतला.
तरोटा पुरता उघडला होता,
अंघोळ करून शाळेत निघालेल्या पोरासारखा.
तोंडाला फडकं बांधलं.

बांधाकडचे दोन तास सोडले.
तुराटीला निळ्या लुगड्याची चिंधी,
आणि इमलाला निरोप: चिंधीच्या इकडलं खुडू नको.
ती आली, चिंधी पाहिली, तुराटी हलवून पाहिली,
उपटून आणखी एक पाऊल आत रोवली.
मी पंप थांबवला. एक तास आणखी गेला.

कॅलेंडरवर, दुधाच्या हिशेबाखाली, लिहून ठेवलं:
दुसरी कापणी नवरात्राआधी नाही.
तोवर गाईंना खड्ड्यातलंच.
आठ दिवसांत केना पिळवटला, गाजरगवत वाळून तांबूस,
पवन्या मात्र काही झालंच नसल्यासारखा
गुडघ्याला लागला.

आणि ते तीन तास हिरवे, मग पिवळ्या फुलांचे,
आता शेंगांचे.
इमला बी गोळा करायला येते,
भाजून, कुटून, चहापत्तीसारखं उकळते.
खाली बसते, शेंग मोडते, थोडं ओटीत, थोडं सांडतं,
सांडतं ते माझ्या बाजूला.
मी पाहते. मी पाहते हे तीही पाहते.

"पुढच्या सालचं होते न," म्हणते,
आणि पुढची शेंग मोडते.