सव्वासहा

सत्तावन्न सालच्या एप्रिलात
गोळीबार चौकातल्या खांबावर तक्ता लागला:
एक आणा, सहा नये पैसे.
दोन आणे, बारा.
तीन आणे, एकोणीस.
चार आणे, पंचवीस.
कागदाखालची खळ अजून ओली होती
आणि कोष्टीपुऱ्यातली माणसं माना वर करून
एकमेकांना विचारत होती,
सहा न् सहा बारा, तं बारा न् सहा एकोणीस कसे जी?

गोदीनं तक्ता दोनदा वाचला.
ती अकराची, मी नऊचा.
"आणा सव्वासहाचा आहे," ती म्हणाली,
"पावाचं नाणंच नाही सरकारजवळ."

आईनं पावली दिली होती, चार आण्यांची चहापत्ती आणा म्हणून.
गोदीनं ती आधी पानठेल्यावर मोडली,
पंचवीस नवे पैसे फ्रॉकच्या ओच्यात घेतले,
आणि झुंबरशेठच्या दुकानात गेली.
आण्याची पत्ती द्या.
सहा मोजले.
पायरी उतरली, पायरी चढली.
आण्याची पत्ती द्या.
चौथ्या पुडीला शेठ म्हणाला,
"पोट्टे, एकदम काहून नाही घेत?"
गोदी म्हणाली, "आईनं असंच सांगितलं."
ओच्यात एक पैसा उरला होता,
इतका नवा की त्याला अजून कुणाच्या हाताचा वास नव्हता.

बाबा मागावरून उठून जेवायला बसले होते.
गोदीनं पैसा त्यांच्या ताटाजवळ ठेवला,
सगळा हिशेब सांगितला, पायऱ्यांसकट.
बाबांनी घास खाली ठेवला.
मग हसले, तसे ते क्वचितच हसायचे.
"आज मालकानं किनारीची मजुरी देली,
किनारीले आणा.
चार किनारी. एकेक वेगळी मोजली त्यानं.
सहा, सहा, सहा, सहा."
पैसा उचलून त्यांनी कंदिलासमोर धरला.
"थोच आहे हा. दुपारी गेला होता,
सांजच्याले घरी आला."
आई काही बोलली नाही.
चार पुड्या एका डब्यात रिकाम्या केल्या,
कागद झटकून झटकून.

पुढं शेर गेला, किलो आला.
तोळा गेला म्हणतात,
इतवारीच्या सराफ्यात जाऊन एकदा विचारून पाहा.
माग गेला, तो मात्र खरंच गेला,
लाकूड म्हणून, वजनावर.
गोदीचे आणे काही गेले नाहीत.
ऊन सोळा आणे. जावई बारा आणे बरा.
परवा गोकुळपेठेत सांबाराची जुडी घेतली,
भाजीवालीच्या ठेल्यावरचा डबा बोलला,
पच्चीस रुपये प्राप्त हुए,
आणि गोदी त्या डब्यावरच तडकली,
"चार आण्याचा सांबार, कोणाले सांगतं तू?"
भाजीवाली माझ्याकडे पाहायला लागली.
मी जुडी पिशवीत घातली.
खरं सांगायचं तर मीही मनात भागाकार करत होतो,
कशानं, ते मला ठाऊक नव्हतं.

मंगळवारी मेडिकलमध्ये नंबर लागला.
डॉक्टर उईके, पोरसवदा, आवाज मऊ.
कागद फिरवून आमच्याकडे केला:
किडनी पंचवीस टक्के काम करते आहे, आजी.
गोदीनं माझ्याकडे पाहिलं.
"चार आणे," मी म्हणालो.
"हाव," ती म्हणाली. पंख्याकडे बघत बसली जरा वेळ.
डॉक्टरांनी महिन्या महिन्याचं सांगितलं,
दर महिन्याला रक्त, दर महिन्याला आकडा,
थोडं थोडं बघत जाऊ.

तेव्हा तिनं टेबलावर हात ठेवला,
पायऱ्या चढणाऱ्या त्या पोरीचा.
"सुटं सुटं नका मोजू, बाई.
एकदम मोजा.
सुटं मोजलं की चोवीसच भरते."

डॉक्टरांना कळलं नाही.
त्यांनी पुढच्या तारखेचा कागद दिला.
तो घडी करून
मी वरच्या खिशात ठेवला.